डुकराचं तोंड कुणीकडं

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तर पुरी होऊन बाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात मी पुन्हा शाळेत गेलो. पहिली शाळा तिसरीत सुटली होती. ही दुसरी कात्रजचा घाट उतरून पुढं, एका उघड्या माळावरच्या चांदमारीत भरायची. शनिवार, रविवार, सकाळी सात ते दुपारी एक, पाच आठवडे. तिथं लांब पल्ल्याची रायफल चालवायला शिकवायचे.

लोक विचारतात, शिकार बंद होऊन जमाना झाला, मग हे शिक्षण कशाला? शिकार बंद आहे, खरं. पण रानडुकरांना ते कुणी कळवलेलं नाही. आमचं गाव आता शहरात धरतात. गावामागचा डोंगर मात्र आहे तिथंच आहे, आणि डोंगराच्या पायाला माझं तीन एकर रान तेवढं राहिलं होतं. त्यात भुईमूग केला की डुकरं खाली उतरायची आणि नांगर घातल्यासारखं रान उकरून जायची. पिकात आलेलं डुक्कर वनखात्याची परवानगी असली तर मारता येतं, परवान्याची बंदूक पाहिजे. वडिलांची रायफल माझ्या नावावर होती. पण आदल्या साली कुणीतरी डुक्कर नुसतंच जखमी करून सोडलं, ते कुठं तरी झाडीत चार दिवस मरत पडलं. तेव्हापासून साहेबांनी अट घातली, की आधी नेम शिकल्याची चिठ्ठी आणा, मग परवानगी.

माझा थोरला म्हणाला, "आबा, शेजारच्या सगळ्यांनी दिलं. आपलंच तेवढं मधी अडलंय. बिल्डर सहीसाठी थांबलाय. तुम्ही काय डुकरांसाठी पेरता का?"

मी म्हणालो, "चिठ्ठी आणतो. न्हाई आणली तर सही करतो."

"नक्की?"

"मी दोनदा बोलत न्हाई."

हा शब्द दिला तेव्हा एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. उजव्या डोळ्यानं मला नीट दिसत नव्हतं. दोन वर्षं झाली होती. समोरचा माणूस दुधात बुडवून काढल्यासारखा दिसायचा. मी मनाशी म्हणायचो, धूळ आहे, धूर आहे, शहर वाढलं. शहरावर काहीही ढकलता येतं.

आता मास्तरांविषयी. बाकीचे त्यांना सर म्हणत, मी मास्तर म्हणायचो. ते बघायला बंदुकीच्या जवळपासचे वाटायचे नाहीत. काटकुळे, माझ्याच वयाच्या आसपासचे. पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर माकडटोपी, आणि काखेत उन्हाळा असो थंडी असो एक काळी छत्री. नारायण पेठेत त्यांचं दुर्बिणी आणि कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. फौजेत कधी नव्हते. जन्मभर कागदावर आणि पत्र्यावर नेम मारला, तेवढ्यावर बक्षिसं मिळवली. अंडंसुद्धा खात नसत.

पहिल्या दिवशी आम्ही बाराजण सतरंज्या टाकून पालथे पडलो. मास्तर माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "अहो, आपण जरा हलू नका. आपल्या कोपराखाली रहदारी आहे."

बघतो तर मुंग्यांची रांग. मास्तरांनी खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढलं, माझ्या कोपरावरच्या मुंग्या एकेक करून त्यावर घेतल्या आणि गवतात सोडल्या. मग उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "रांग जाईपर्यंत चांदमारी बंद."

आमच्यात खराडीच्या कंपनीत कामाला असलेला एक इंजिनिअर होता. मूळचा तिकडचा, विदर्भातला. वडिलांची शेती डुकरांनी हैराण केलेली, म्हणून आलेला. तो म्हणाला, "सर, माझ्या बॅगेत स्प्रे आहे. टू मिनिट्स में क्लिअर."

"असू द्या," मास्तर म्हणाले. "घरी गेल्यावर स्वतःवर मारा."

पाव तास आम्ही मुंग्या बघत पडलो. मला वाटलं, आपण कुठल्या वेड्याच्या हाती लागलो.

त्याच दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही कधी जनावर मारलंय का?"

"नाही."

"का?"

"मला भूक नाही आणि माझं शेत नाही. मी कशाला मारू?"

"मग आम्हाला कशाला शिकवता?"

"आपण मारणारच आहात. निदान एका गोळीत मारा. दुसरी गोळी म्हणजे पहिलीची माफी. ती डुकराला पोचत नाही."

हा माणूस असं बोलायचा आणि पुढं निघून जायचा. आपण हसायचं की गप्प बसायचं ते ठरेपर्यंत तो तिसऱ्या सतरंजीपाशी पोचलेला असायचा.

त्यांचा सगळ्यात विचित्र नेम चालण्याचा होता. माळावर लांब लांब डुकराच्या आकाराच्या लोखंडी पाट्या उभ्या केलेल्या. दोन्ही अंगांना काळा रंग, आणि पुढच्या पायामागं खांद्यावर तळहाताएवढा पांढरा ठिपका. पत्रा कापणाऱ्यानं शेपटी जरा उंदराची केली होती, त्याबद्दल मास्तरांनी पहिल्याच दिवशी आमची माफी मागितली. तर नेम असा, की ज्या पाटीवर गोळी झाडायची, तिच्यापर्यंत आधी चालत जायचं. बोलायचं नाही. पाटीला हात लावायचा आणि चालत परत यायचं. मग सतरंजीवर पडायचं. त्याशिवाय गोळी मिळायची नाही.

इंजिनिअर वैतागला. "सर, इतकं वॉक? मी रोज जिमला जातो, तरीपण."

"जिममध्ये आपण जिथल्या तिथे चालता. इथे पोचायचं आहे."

मी कुरकुर केली नाही. मला ते चालणं आवडायला लागलं. कारण मी लहानपणी मोजणीवाल्या सरकारी माणसाबरोबर साखळी धरून हिंडलो होतो. लोखंडी साखळी, तेहतीस फुटांची. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोन मोसम आम्ही आमच्या भागातली सगळी रानं मोजली. तेव्हापासून माझ्या पायांना साखळी कळते. कुठंही चाललो तरी आत कुणीतरी मोजत असतं, एक, दोन, तीन.

सकाळी माळावर दव असायचं. गवताची कुसळं पायजम्याला चिकटायची, चंडोल वर जाऊन दिसेनासा व्हायचा आणि आवाज तेवढा खाली यायचा. बाराजण एकामागं एक, न बोलता. असं चालताना पायाखालचा माळ मला परका वाटेना. नवव्या साखळीला वाटायचं, आता आपली विहीर येईल. पंधरावीला चिंच. विसाव्या साखळीला बांध, त्याच्यापलीकडं भावकीचं रान. त्या विहिरीवर आता गाड्या लावतात आणि चिंचेच्या जागी नऊ मजले आहेत. तरी माळावर मी त्याच वाटेनं चालायचो, आणि चिंच यायची, आणि तिची सावलीसुद्धा यायची. मी सावलीत पाय टाकताना जरा सावकाश टाकायचो.

मग पाटी. हात लावला की गार लागायची. मास्तर म्हणायचे, "आता मागे वळून बघा." मागं बघितलं की आपल्या सतरंज्या दाण्याएवढ्या दिसायच्या. आपण डुकराच्या जागी उभे राहून आपल्याच जागेकडं बघतोय. तिथं काही वेळ कुणी बोलत नसे, आणि ते नेमामुळं नव्हे.

पहिले दोन आठवडे एकही गोळी झाडली नाही. नुसतं पडून वारा बघायचा. दहा वाजून ऊन तापलं की माळावरून झळा उठायच्या. दुर्बिणीतून बघितलं की त्या ओढ्याच्या पाण्यासारख्या वाहताना दिसतात म्हणे. आडव्या पळत असल्या तर वारा आडवा, सरळ वर चढत असल्या तर वारा पडलाय. बाकीचे दुर्बीण लावून सांगायचे. मी दुर्बिणीला हात लावत नव्हतो. कारण मला माहीत होतं. पण मानेवर वारा कुठून लागतोय, लांबचं गवत कधी लवतंय आणि जवळचं कधी, एवढ्यावर मी सांगायचो आणि ते बरोबर यायचं.

मास्तरांनी एकदा सगळ्यांना थांबवून सांगितलं, "इथे पुस्तकं वाचणारे पुष्कळ आहेत. हे गृहस्थ वारा वाचतात. यांच्या शेजारी आवाज करू नका."

त्या दिवशी घरी जाताना मी घाटात उगीचच ताठ बसलो होतो.

झळांमध्ये सगळ्यांनाच पाट्या हलताना दिसायच्या. इंजिनिअर म्हणायचा, "आबा, डुक्कर नाचतोय पहा." मलाही नाचतच दिसायचा. तेव्हा मी स्वतःला सांगून टाकलं, की आपल्याला दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं. दुपारच्या सुमारास त्या माळावर अर्धवट डोळा लागायचा. मास्तर झोपलेल्याला उठवत नसत. "झोपलेला माणूस चुकीची गोळी झाडत नाही," म्हणायचे, आणि त्याच्या तोंडावर आपल्या छत्रीची सावली करून उभे राहायचे. एकदा मी जागा झालो तर डोक्यावर काळी छत्री आणि छत्रीच्या वर पांढरं आभाळ. कितीतरी वेळ मला कळेना आपण किती वर्षांचे आहोत.

गोळी झाडण्याआधी त्यांना तीन गोष्टी मोठ्यानं सांगाव्या लागत. किती लांब. वारा कसा. डुकराचं तोंड कुणीकडं. कुणी तिसरी विसरला तर ते बंदुकीच्या नळीपुढं नव्हे, पण कानाशी येऊन विचारायचे, "आणि तोंड कुणीकडे?" एकानं विचारलं, "सर, पाटीचं तोंड कशाला सांगायचं?"

"तोंड कळलं की खांदा कळतो. खांदा कळला की काळीज कळतं. तोंड सांगता येत नसेल तर आपल्याला डुक्कर दिसत नाही, काहीतरी काळं दिसतं. काळी तर माझी छत्रीही आहे."

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. जवळच्या पाट्या मला जमल्या. काळा ठिपूस दिसायचा, त्याच्या मध्याला धरायचं, आणि लांबून ठण्ण असा आवाज यायचा. तो आवाज यायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस कुठंच नसतो. वीस साखळ्यांच्या पुढची पाटी मात्र दुधात विरघळायची. मी मास्तरांना म्हणालो, "तुमची दुर्बीण धुकट हाय." रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी त्यांच्या होत्या, आम्हाला शिकण्यापुरत्या दिलेल्या.

त्यांनी ती काढली, मऊ कातड्यानं पुसली आणि परत बसवली.

दुसऱ्या दिवशी मी परत म्हणालो, "धुकट हाय."

"बुधवारी दुकानात घेऊन या."

नारायण पेठेत एका जिन्याखाली ते दुकान. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. आकड्यांना दुर्बिणी टांगलेल्या, फळीवर मोजणीची जुनी यंत्रं. मी बराच वेळ त्या यंत्रांकडं बघत राहिलो. मास्तरांनी माझी दुर्बीण घेतली, डोळ्याला भिंग लावलं आणि तिच्यात बघितलं. मग तेच भिंग डोळ्यावर ठेवून मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं.

"पावसाळ्यात काचेला बुरशी येते," ते म्हणाले. "बाहेरून पुसून जात नाही. आत असते. हळूहळू वाढते, त्यामुळे मालकाला वाटतं हवाच धुकट आहे."

"मग काढा की."

"काढता येते. मालकानं आणून दिलं पाहिजे."

"दिली की आणून."

"हो," ते म्हणाले, आणि दुर्बीण पुसायला घेतली. अर्धा तास पुसत होते. मला स्टुलावर बसवून चहा सांगितला. ते काय म्हणाले ते मला कळलं होतं. मी न कळल्यासारखा चहा प्यायलो. तिथं कबूल केलं असतं तर चिठ्ठी गेली असती, आणि चिठ्ठीबरोबर रान.

चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली. मास्तरांनी लांब एक नवी पाटी उभी केली आणि अंतर विचारलं. इंजिनिअरकडं किरण टाकून अंतर सांगणारं यंत्र होतं, चांगलं महागाचं. त्यानं बटण दाबलं. "दोनशे नव्वद मीटर, सर."

मी म्हणालो, "चौतीस साखळ्या."

"म्हणजे?"

"साखळी म्हणजे दहा मीटर आणि वर दोन बोटं, असं धर."

"तीनशे चाळीस? आबा, हे मशीन आहे. जर्मन आहे."

"मग त्याला जर्मनीत ने. इथं चौतीस हायेत."

मास्तरांनी आम्हा दोघांच्या हातात फीत दिली. "जा. भांडण मोजून आणा."

आम्ही फीत टाकत गेलो. पाटीच्या अलीकडं एक खुरटी बाभूळ होती. यंत्राचा किरण तिच्यावरच आपटून परत आला होता. पाटीपर्यंत तीनशे एक्केचाळीस मीटर भरले. इंजिनिअर दिलदार होता. त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि परत येऊन सगळ्यांना स्वतःच सांगितलं. तेव्हापासून मास्तर मला साखळीवाले म्हणायला लागले. "काय हो साखळीवाले, आज माळ किती मोठा आहे?"

मला वाटायला लागलं, चिठ्ठी मिळालीच. अंतरात माझ्यापुढं कुणी नाही, वाऱ्यात कुणी नाही. तोंडाचं तेवढं राहिलं होतं, आणि त्याचा मी उपाय शोधला होता. पाटीपर्यंत चालत जायचंच असतं. तिथं हात लावताना मी बघून ठेवायचो, हिचं तोंड डावीकडं, हिचं उजवीकडं. परत येऊन सतरंजीवर पडलो की पाठ म्हणून दाखवायचो. पाठांतर मला शाळेतसुद्धा यायचं.

शेवटच्या रविवारी परीक्षा होती. पाट्यांना आम्ही शनिवारीच हात लावून आलो होतो. परीक्षा सकाळी आठला, हवा गार, झळांचा पत्ता नाही. माळ धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ, असं सगळे म्हणत होते.

माझा नंबर आला. पहिली पाटी अठरा साखळ्यांवर. अंतर सांगितलं, वारा सांगितला, तोंड उजवीकडं. गोळी झाडली. ठण्ण. मागं कुणीतरी वा म्हणालं.

दुसरी पाटी सत्तावीस साखळ्यांवर. मी उजवा डोळा दुर्बिणीला लावला. दूध.

"सत्तावीस साखळ्या," मी म्हणालो. "वारा डावीकडनं, हलका, गवताच्या शेंड्यापुरता."

"बरोबर. आणि तोंड कुणीकडे?"

"डावीकडं."

माझ्या शेजारच्या सतरंजीवर इंजिनिअर होता, त्याच्या श्वासाचा आवाज थांबला. मला वाटलं वारा बदलला असेल. मी बोट घोड्यावर नेलं.

मास्तरांचा हात माझ्या खांद्यावर आला. अगदी हलका.

"थांबा," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "यांची दुर्बीण धुकट झाली आहे. हे मला दोनदा सांगत होते, मीच लक्ष दिलं नाही. चूक माझी. साखळीवाले, गोळी काढा आणि बंदूक घेऊन शेडमध्ये या. बाकीच्यांनी चालू ठेवा."

शेडमध्ये त्यांनी दुर्बीण रायफलीवरून उतरवली, तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर बसवली, खिडकीतून त्याच पाटीवर धरली आणि बाजूला झाले.

"आता डाव्या डोळ्यानं बघा."

बंदूक उजव्या खांद्यावर, म्हणून डोळा उजवा. पाच आठवड्यांत मी डावा डोळा दुर्बिणीला लावला नव्हता. ते मनातच आलं नाही असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मनात आलं होतं. लावला नव्हता.

लावला. पाटी समोर येऊन उभी राहिली. काळा रंग, खांद्यावरचा पांढरा ठिपका, त्या ठिपक्यावर आदल्या गोळीचा राखाडी डाग, उंदराची शेपटी. मागं गवताचं पातं न् पातं वेगळं, प्रत्येक पात्याला उजेड. एक पाखरू पाटीच्या पाठीवर बसलं होतं, त्याचा गळा हलत होता. इतकं सगळं तिथं होतं आणि मी त्यातलं काहीच बघितलेलं नव्हतं. मी दुर्बिणीवरून डोळा काढायचंच विसरलो.

डुकराचं तोंड उजवीकडं होतं.

"तुम्ही पाटी फिरवली," मी म्हणालो.

"दर परीक्षेला सकाळी येऊन फिरवतो. डुक्कर काल ज्या तोंडानं उभं होतं त्याच तोंडानं आज उभं राहत नाही. आता उजव्यानं बघा."

मी बघितलं नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"आपण दुकानात आलात तेव्हा."

"मग इतके दिवस गप का बसला?"

"आपण सांगाल म्हणून."

मला राग आला. उत्तर नसलं की मला राग येतो. मी म्हणालो, "पत्र्याची पाटी हाय ती! तोंड कुणीकडंही असंना. मी गोळी घातली असती आणि लागली असती."

"घातली असती. लागलीही असती," मास्तर म्हणाले. ते आवाज कधीच चढवत नसत. "पुढच्या महिन्यात आपल्या रानाच्या कडेला गवताचा भारा बांधायला कुणी बाई वाकलेली असेल. आपण अंतर बरोबर सांगाल. वारा बरोबर सांगाल."

माझ्या हातातली रायफल मी खाली टेकवली. बाहेरून ठण्ण असा आवाज आला. दुसऱ्या कुणाची तरी गोळी.

"मग लिहा नापास," मी म्हणालो. "घरी शब्द दिलाय मी. चिठ्ठी न्हाई तर रानावर सही. एकदाचं लिहून टाका."

त्यांनी खिशातून ते पोस्टकार्ड काढलं, मुंग्यांचं, ते बाजूला ठेवलं, मग चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. सावकाश लिहिलं आणि फाडून दिलं. मला अक्षर लावायला वेळ लागतो. अंतर, उत्तम. वारा, उत्तम. परीक्षा अपुरी.

"हे असलं मधलं नको मला."

"आपण नापास झालात तर नापास लिहीन. अजून झाला नाहीत. अपुऱ्या परीक्षेचा निकाल लावायला मी काही विद्यापीठ नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "डोळ्याचं काम करून घ्यायचं की नाही ते आपण ठरवा. तोपर्यंत एक काच चांगली आहे. मी चांगली काच फेकत नाही. पुढची तुकडी येत्या शनिवारी सुरू होते. डाव्या खांद्यावर. पहिल्या दिवसापासून, नव्या लोकांबरोबर, रिकाम्या हातानं."

"या वयात?"

"मी वय विचारलेलं नाही."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि त्यांना नमस्कार न करता निघालो. त्याची मला अजून लाज वाटते. मास्तर आता पुण्यात नाहीत, दुकान बंद करून मुलीकडं गेले. त्यानंतर नमस्कार पुष्कळ केले, पण तो राहिला तो राहिला.

इंजिनिअर मला दर वेळी गाडीतून कात्रजपर्यंत सोडायचा. त्या दिवशी घाट चढेपर्यंत तो नुसता गिअर बदलत राहिला. मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "आबा, माझ्या पप्पांचं ऑपरेशन झालं लास्ट इयर. डोळ्याचं. वीस मिनिटं लागली फक्त. आता लांबून ओळखतात मला."

"गाडी बघून चालव," मी म्हणालो.

गाडी घाटमाथ्यावर आली. खाली सगळं शहर पसरलेलं. मी आधी उजवा डोळा झाकला आणि बघितलं, मग डावा झाकला आणि बघितलं. एकदा शहर होतं, एकदा नव्हतं. एकदा होतं, एकदा नव्हतं. माझ्या रानावरचा डोंगरसुद्धा तसाच येत होता आणि जात होता. उतरेपर्यंत मी तेच करत राहिलो. इंजिनिअरनं बघितलं असणार.

घरी थोरला वाट बघत होता. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "काय झालं आबा? मिळाली?"

"उद्या सांगतो."

"म्हणजे नाही मिळाली."

"उद्या म्हणालो ना."

त्याला सांगता आलं असतं, की दुर्बीण खराब निघाली, परीक्षा परत आहे. मास्तरांनी ते खोटं मला तयार करूनच दिलं होतं, बाराजणांच्या समोर, स्वतःवर घेऊन. मी फक्त उचलायचं होतं. जेवताना ते माझ्या तोंडापर्यंत दोनदा आलं. मी भाकरीबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी अंगणात सतरंजी टाकली आणि पालथा पडलो. हातात कुदळीचा सुटा दांडा होता, तो डाव्या खांद्याला लावला. डावा हात मागं, उजवा पुढं, सगळंच उलटं. कोपर कुठं ठेवायचं कळेना. मान वळेना. गल्लीतनं दूधवाला गेला, तो थांबून बघून गेला. सूनबाई दारात आली आणि आत गेली. मग थोरला आला, तोंडात ब्रश तसाच.

"आबा, हे काय करताय?"

"डाव्या डोळ्यानं नेम धरायला शिकतोय. उजव्यानं दिसत न्हाई मला. दोन वर्सं झाली."

त्यानं ब्रश काढला. "आम्हाला सांगितलं का नाही?"

"आता सांगितलं."

"आणि त्या कागदाचं?"

"परीक्षा अपुरी हाय," मी म्हणालो. "निकाल लागंल तेव्हा बघू. आज दवाखाना किती वाजता उघडतो ते बघून ये."

मी दांडा खाली ठेवला आणि उठायला गेलो. गुडघा धरला होता, कंबर धरली होती. एवढा वेळ पालथं पडायची सवय त्या अंगाला नव्हती. थोरला तिथंच उभा होता. जवळ यावं की येऊ नये, त्याला कळत नव्हतं. लांब उभं राहायची सवय त्याला मीच लावलेली.

"हात दे," मी म्हणालो.